शिळं पाणी

गुरुवार हा पुण्यात दत्ताचा वार आणि पाणी बंदचा. दोन्ही सारख्याच श्रद्धेनं पाळले जातात. आदल्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चौकट येते: देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी अमुक पेठ, तमुक नगर आणि परिसर यांचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. चौकट दर आठवड्याला येते असं नाही, पण आली की घरोघर एकच धांदल. बादल्या भरतात, टब भरतात, पिंप भरतं, कुकर भरतो. एका घरी तर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या डिनर सेटमधला सूपचा वाडगाही काठोकाठ भरून ठेवलेला मी पाहिला आहे. आणि शुक्रवारी नळाला धार लागली की या साठ्याचं काय होतं? तो मोरीत ओतला जातो. पाणी शिळं झालेलं असतं ना!

पाणी शिळं होत नाही, कालचं पाणी फेकू नका, असं टंचाईच्या दिवसांत सगळ्या महापालिका कळकळीनं सांगतात. मे महिन्यात आपल्या नळाला येतो तो गेल्या वर्षी पानशेत-वरसगावच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. दहा महिने धरणात पडून राहिलेलं पाणी ताजं आणि आपल्या पिंपात एक रात्र मुक्कामाला आलेलं शिळं, हा हिशोब कुठल्याही गणितात बसत नाही. पण तो आपल्या आज्यांनी घालून दिलेला आहे, आणि आज्यांशी वाद घालून या शहरात आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

आमच्या घरात हा हिशोब उलटा फिरवला तो गप्पी माशांनी. गप्पी म्हणजे तेच, महापालिकेचा हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला म्हणून विहिरींत आणि डबक्यांत सोडतो ते. त्यांचे नटवे भाऊबंद रंगीत शेपट्या मिरवत दुकानात विकायला असतात. भाचीनं शिकायला बाहेरगावी जाताना आपला दीड फुटी टँक आमच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवला आणि म्हणाली, "मामा, फक्त दोन वेळा खायला घाल. बाकी काही नाही." त्या 'बाकी काही नाही'वर मला आता एक छोटेखानी ग्रंथ लिहिता येईल. हा त्यातला पाण्याचा अध्याय समजा.

गप्पीची मादी अंडी घालत नाही. महिन्याभरात थेट पिल्लं देते, एका वेळी वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त. आणि एकदा नराची गाठ पडली की पुढच्या कित्येक बाळंतपणांची सोय ती पोटात साठवून ठेवते, त्यामुळे नर दुसऱ्या टँकमध्ये हलवून काही उपयोग होत नाही. जन्मलेलं पिल्लू पाऊण सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. दोन डोळे आणि त्यांच्या मागे एक दोरा, एवढाच ऐवज. पण जन्मल्याबरोबर ते पोहायला लागतं, आणि तसं करण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. कारण त्याला पहिला धोका असतो तो प्रत्यक्ष आईकडून. तिला भूक लागलेली असते आणि समोर काहीतरी वळवळत असतं. बाकी विचार करण्याइतका तिचा मेंदू मोठा नाही.

मोठा मासा लहान माशाला खातो, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आठवून पाहा. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी पुढे तुला तारीन. मनू विचारतो, सांभाळू कसं? त्यावर मासाच रीतसर सूचना देतो. आम्ही लहान असतो तोवर मासेच आम्हाला गिळतात, म्हणून आधी मला घागरीत ठेव. घागर पुरेनाशी झाली की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात सोड. महाभारतात हीच गोष्ट घागर, विहीर, गंगा, समुद्र अशी आणखी एक पायरी घेऊन येते. पुराणकथा म्हणून आपण ती ऐकतो आणि प्रलयाकडे लक्ष देतो. पण पिल्लं वाढवणाऱ्याच्या दृष्टीनं प्रलय गौण आहे. खरा मजकूर सुरुवातीलाच आहे. मोठ्यांपासून पिल्लं वेगळी करा, आधी लहान भांडं घ्या म्हणजे पिल्लाला खाणं शोधत फिरावं लागत नाही, आणि पिल्लू वाढेल तसं भांडं वाढवा. आजही दुकानदार हेच सांगतो, फक्त तारण्याची हमी देत नाही. घागरीतलं पाणी मनूनं कधी आणि किती बदललं, हे मात्र ग्रंथात नाही. मासा दैवी होता, त्याला अमोनियाचा त्रास नसावा.

आपल्या माशांना तो असतो. मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो. टँकमध्ये जाणार कुठे? तिथेच राहतो, आणि मासा त्यातच श्वास घेत राहतो. यावर टँकची स्वतःची एक व्यवस्था असते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही वाईटच, कारण ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे पुष्कळ सोसण्यासारखं असतं. हे सगळे कामगार स्पंजच्या छिद्रांत, वाळूत, काचेवरच्या बुळबुळीत थरात मुक्कामाला असतात. म्हणजे जी बुळबुळ पाहून कुठलंही शहाणं मराठी माणूस घासणी हातात घेईल, ती बुळबुळ ही त्या काचेच्या गावची नगरपालिका असते. तीही आपल्या नगरपालिकेसारखीच दिसत नाही, संथ चालते आणि बरखास्त केली की मगच तिची किंमत कळते.

उरलेलं नायट्रेट, खाण्याचा चोथा, न दिसणारी बाकीची घाण यांच्यासाठी पाणी बदलणं आलं. मोठ्या माशांचं काम एक-दोन वेळच्या खाण्यात भागतं. पिल्लांचं पोट खसखशीएवढं, आणि वाढायची घाई तर अशी की दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं घालावं लागतं. वस्त्रगाळ केलेलं कोरडं खाद्य, मिठाच्या पाण्यात दिवसभरात अंड्यांतून निघणारे आर्टेमियाचे जीव, आणि दुसरं काही हाताशी नसेल तर उकडलेल्या अंड्यातला चिमूटभर पिवळा बलक. हा बलक पिल्लांना फार आवडतो आणि पाणी नासवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पाच वेळा घालायचं म्हणजे पाच वेळा उरणार, उरलेलं कुजणार. तेव्हा पिल्लांचं पाणी मोठ्यांच्या पाण्यापेक्षा जास्त वेळा बदलायला हवं. आणि पाण्यातला बदल सगळ्यांत कमी सोसतो तोही पिल्लांनाच. पिल्लं वाढवणाऱ्याची सगळी झोप या दोन वाक्यांच्या मध्ये उडते.

ही कटकट कायमची टळावी असं पुष्कळांना वाटलं. १८५० साली लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचेच्या पेटीत दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एकत्र ठेवून दाखवल्या. मासे सोडतात तो वायू झाड घेतं, झाड सोडतं तो मासे घेतात, कुजलेली पानं गोगलगायी खातात. समतोल साधला, पाणी बदलायला नको! तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि मग काचेच्या पेट्या इंग्रजांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. जुनं पाणी हे जणू मुरलेलं लोणचं आहे आणि त्याला हात लावायचा नाही, असं मानणारे हौशी लोक पुढे कित्येक पिढ्या होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रशस्त पेटीत दोन मासे असतील तर त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी खरंही आहे. पण वॉरिंग्टन साहेबांच्या पेटीत गप्पीची तीस पिल्लं नव्हती.

या गप्पीची आणखी एक मौज आहे. हा मासा गटारात जगतो. सावकाश सवय लावली तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही रुळतो. इतका सोशीक जीव, पण पिल्लं असलेल्या टँकमध्ये नळाखालची भरलेली बादली एका झटक्यात रिकामी करा, संध्याकाळपर्यंत पिल्लं तळाला गेलेली दिसतील. त्याला पाणी कसलंही चालतं. पाण्याची घाई चालत नाही.

हे घरात पटवून देणं मात्र सोपं नव्हतं. गॅलरीत मी दोन बादल्या भरून ठेवायला लागलो तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कशाला भरून ठेवलंयस?"

"माशांसाठी. उद्या घालायचंय."

"उद्याचं उद्या भर की. उद्या गुरुवार नाही."

"अगं, एक दिवस राहू द्यावं लागतं."

"म्हणजे शिळं करून घालणार?" आईच्या आवाजात पिल्लांबद्दल जी कणव दाटून आली ती मला शाळेत डबा देताना कधी आल्याचं स्मरत नाही. "अरे, मुका जीव म्हणून काहीही घालायचं का त्याला? ताजं पाणी नळाला धो धो वाहतंय."

धो धो वाहणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं. आपण पितो त्या पाण्यात नळापर्यंत पोचल्यावरही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असा दंडक आहे, आणि तो आपल्या भल्यासाठीच आहे. गावाकडे विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते आणि मग आरोग्यसेवक छोट्या नळीत पाणी घेऊन ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे म्हणून समाधान पावतो. तो पिवळा रंग माणसाला अभय आणि पिल्लाला धोक्याची सूचना. एवढंसं क्लोरीन आपल्या जिभेला कळतही नाही. पिल्लाच्या तलम कल्ल्यांना ते भाजतं. वर ते जिवाणूंना मारतं, आणि जिवाणू मारणं हेच तर त्याचं काम, त्याला कोण काय बोलणार! पावसाळ्याच्या तोंडावर धरणात गढूळ लोंढे येतात तेव्हा शुद्धीकरण केंद्रात मात्रा वाढते आणि सकाळी नळ सोडला की पोहण्याच्या तलावावर आल्यासारखा वास येतो. त्या दिवसांत ताज्या पाण्याला टँकच्या आसपासही फिरकू देऊ नये.

उपाय म्हटला तर फुकटचा आहे. पाणी उघड्या बादलीत दिवसभर राहू द्यायचं, मधून मधून ढवळायचं किंवा त्यात एअर पंपाची नळी सोडून बुडबुडे काढत ठेवायचे. क्लोरीन उडून जातं. जिथे पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात तिथे मात्र हा उपाय चालत नाही, ते हट्टी असतं. धीर नसेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं. त्यातला मुख्य ऐवज म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे फिल्मच्या जमान्यात फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत 'हायपो' म्हणून मोठ्या मानानं राहत होतं. कॅमेऱ्यातला रोल गेला, फोटोग्राफरचा हायपो गेला, पण माशांनी त्याला पोटापाण्याला लावलं. चार थेंबांत काम होतं. तरी मी बादलीच भरून ठेवतो. थेंबांत मजा नाही, आणि रात्रभर राहिलेल्या पाण्याचा आणखी एक फायदा असतो, ते खोलीच्या तापमानाला येतं.

तापमानाबद्दल पुण्यात फार बोलावं लागत नाही, सोसायटीची गच्चीवरची टाकी ते स्वतःच सांगते. डिसेंबरात सकाळी नळाखाली हात धरवत नाही. वैशाखात दुपारी त्याच नळातून चहाला आधण ठेवल्यासारखं पाणी येतं. पिल्लांच्या पाण्यात एक-दोन अंशांपलीकडे फरक नसावा, आणि नवीन पाणी त्याहून थंड तर मुळीच नसावं. गारठलेल्या पाण्यात विरघळलेली हवा जास्त असते. ते टँकमध्ये जाऊन कोमट झालं की हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपानं सुटते, काचेवर बसते, झाडांवर बसते आणि कधी पिल्लाच्या अंगावर, कल्ल्यांत. सोड्याची बाटली उघडल्यासारखं ते दृश्य पाहायला छान असतं. पिल्लाला विचारू नका.

बादल्यांचं प्रस्थ आईनं शेवटी मान्य केलं, पण तिच्या पद्धतीनं. "ठेवायचंच आहे तर नीट भांड्यात ठेव," म्हणून तिनं माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढला, चिंच लावून असा घासला की त्यात चेहरा दिसावा, आणि गॅलरीत आणून ठेवला. तांब्याच्या भांड्यातलं रात्रभराचं पाणी माणसाला किती गुणकारी असतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, रोज पितही आलो आहे. माशांना तांबं विष आहे, अगदी थोडंसंसुद्धा. हे तिला सांगितल्यावर ती बराच वेळ हंड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना शिळं चालतं, प्लॅस्टिकचं चालतं, बुळबुळीत चालतं. फक्त चांगलं तेवढं चालत नाही." इतका नेमका सारांश मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी का, हाही प्रश्न त्या ओघात आलाच. नको. तुरटी गाळ खाली बसवते आणि जाता जाता पाण्याचा सामू बदलून जाते. आरओचं पाणी? तेही नको, निदान निव्वळ तेच नको. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि गप्पीला थोडं जड, क्षारयुक्त पाणी मानवतं. आपल्याकडची बोअरची पाणी, ज्यांच्या नावानं आपण डाळ शिजत नाही म्हणून बोटं मोडतो, ती गप्पीला बहुधा चालतात. फक्त आज पालिकेचं, उद्या टँकरचं, परवा बोअरचं असं करू नये. टँकर आला की सोसायटीच्या टाकीत तीन गावची पाणी एक होतात, म्हणून त्या दिवशी मी बादली भरत नाही.

आता प्रत्यक्ष पाणी बदलण्याविषयी. काढणं आणि घालणं अशी दोन कामं आहेत आणि दोन्हींत घात होऊ शकतो. काढण्यासाठी एअर पंपाची बारीक नळी घ्यायची, जाड घ्यायची नाही, जाड नळी पिल्लासकट ओढते. टोकाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडनं बांधायचा. दुसरं टोक खाली ठेवलेल्या टबात. नळी तोंडानं ओढून सुरू करतात. ती वेळेवर तोंडातून काढणं ही कला आहे आणि टँकच्या पाण्याची चव वर्णन करण्याजोगी नाही. टब पांढराच हवा. कारण कितीही काळजी घेतली तरी कपडा सरकतो, एखादं पिल्लू खाली येतंच. मग टबाशी उकिडवं बसून, हातात बॅटरी घेऊन, शोध. पाण्यात शंभर ठिपके दिसतात: खाद्याचे कण, शेवाळाचे तुकडे, गोगलगायीचं काहीतरी. त्यातलं पिल्लू कोणतं? चमच्यानं पाणी एकाच दिशेला हळूच फिरवायचं. जे प्रवाहाबरोबर गोल गोल जातं ते घाण. जे मध्येच तोंड वळवून प्रवाहाच्या उलट पोहायला लागतं ते पिल्लू. इवलासा दोरा, पण काय जोर लावतो! त्याला चमच्यातून परत टँकमध्ये सोडायचं आणि टबातलं पाणी कढीपत्त्याला घालायचं. नायट्रेट हे झाडांचं जेवण आहे. आमचा कढीपत्ता हल्ली सोसायटीत मागणीचा विषय झाला आहे.

घालणं त्याहून नाजूक. बादलीतून तांब्यानं ओतलं तर पिल्लं उलटीपालटी होतात आणि पाणी एकदम बदलतं ते वेगळंच. यावर जुने हौशी लोक सलाईनचा सेट वापरतात. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

"सलाईनचा एक सेट द्या."

"पेशंट घरीच आहे का?" दुकानदारानं आवाज उतरवून विचारलं.

"पेशंट नाही. पिल्लं आहेत."

"कुत्र्याची?"

"माशाची."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "साधी लावणार की ग्लुकोजची?"

"कालचं पाणी लावणार."

सेट त्यानं दिला. बिल मात्र, मला वाटतं, सहानुभूतीपोटी थोडं कमी लावलं. स्टुलावर बादली, बादलीतून नळी, नळीवर ते छोटं चाक. चाक फिरवून थेंब मोजता येणार नाहीत इतकी बारीक धार ठेवायची. चार लिटर पाणी जायला दोन-तीन तास लागतात. तेवढ्यात पेपर, शब्दकोडं आणि एक डुलकी होते. पिल्लं धारेखाली जमतात आणि तिथे खेळतात. आपलं पाणी बदलतंय याचा त्यांना पत्ता नसतो.

चार लिटरच का? दीड फुटी टँकमध्ये साधारण ४० लिटर पाणी मावतं, त्याचा दहावा भाग. रोज दहावा भाग बदलायचा की रविवारी सवडीनं अर्धा टँक एकदम, हा वाद माशांच्या दुकानात आवेशानं चालतो. हिशोब मांडून पाहा. समजा पिल्लं रोज एक माप घाण करतात. रोज दहावा भाग काढत गेलात तर घाण नऊ-दहा मापांवर येऊन थांबते आणि तिथेच राहते. आठवड्यातून एकदा अर्धं पाणी काढलंत तर ती सातवरून चढत चौदावर जाते आणि रविवारी धाडकन सातवर येते. सरासरी जवळपास तीच. पण एकीकडे सपाट रस्ता आणि दुसरीकडे दर आठवड्याला घाट. रोजच्या पद्धतीत आठवड्याला वीसऐवजी अठ्ठावीस लिटर पाणी लागतं हे कबूल, पण ते सगळं कढीपत्त्याला जातं.

खरा धोका असतो तो अधूनमधून जाग्या होणाऱ्या माणसांकडून. महिनोन्‌महिने टँककडे न पाहता एक दिवस ज्यांना उमाळा येतो ते. अशा टँकमधलं जुनं पाणी हळूहळू आम्ल झालेलं असतं आणि त्यात अमोनियाही फारसा न बोचणाऱ्या रूपात साठलेला असतो. त्यात अर्धं ताजं पाणी घातलं की सामू चढतो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो, आणि पाणी स्वच्छ केल्याबरोबर मासे मरतात. मग लोक म्हणतात, नळाचं पाणी खराब होतं. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी दिवाळीच्या साफसफाईत टँकही घेतला. वाळू गरम पाण्यानं धुतली, काच भांडी घासायच्या पावडरीनं घासली, स्पंज नळाखाली पिळून उन्हात वाळवला. वसुबारसेला टँक इतका लखलखत होता की शेजारीपाजारी पाहून गेले. भाऊबीजेला त्यात मासा नव्हता. त्यांनी मनापासून केलं होतं हो. आपल्याकडे प्रेम दाखवायची हीच रीत आहे, ज्याच्यावर माया त्याला घासून काढायचं. स्पंज धुवायचाच असेल तर तो टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा आणि मळकट असतानाच परत लावायचा, हे त्यांना सांगायला मी गेलो होतो. त्यांच्या घरच्यांनी मला 'मळकट' या शब्दानंतर चहा विचारला नाही.

एवढं सगळं सांभाळलं की पिल्लं वाढतात, दोन-तीन महिन्यांत स्वतः लेकुरवाळी होतात आणि प्रश्न नवा येतो. इतक्या माशांचं करायचं काय? अनेक भली माणसं ती जवळच्या ओढ्यात किंवा नदीत सोडून येतात आणि पुण्य केल्याच्या आनंदात घरी जेवतात. कृपा करून तसं करू नका. गप्पी हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादकडचा मासा. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरूनच त्याला हे नाव पडलं. मुळा-मुठेत तो आधीच जाऊन बसला आहे, आणि आपल्या ओढ्यांतल्या लहान देशी माशांच्या तोंडचं खाणं आणि त्यांची पिल्लं, दोन्ही तो खातो. गच्चीवरचा हौद, कारंज्याचं डबकं, जिथून पाणी बाहेर वाहून जात नाही अशी जागा असेल तर ठीक. नाहीतर कोणाला तरी द्या.

मी देतो. ज्यांना हवीत त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं. झाकणाचा डबा आणावा, साबणानं धुतलेला नको. पाणी आमच्याकडचं देऊ. घरी गेल्यावर डबा उपडा करू नका. तुमच्याकडचं एक दिवस ठेवलेलं पाणी त्यात अर्ध्या अर्ध्या तासानं वाटीभर घालत राहा आणि मग पिल्लं सोडा. एका घराला कमीत कमी दहा मिळतील. दोन-चार मागू नयेत, किरकोळ देणं बंद केलं आहे.